महाडपासून डबलसीट

त्या प्रवासात मला कुणाचीही सोबत नको होती, हे आधीच सांगून टाकतो. मी पनवेलजवळच्या एका कारखान्यात नोकरीला होतो आणि घर रत्नागिरीत, मांडवीला. ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. दिवसभर यंत्रांची घरघर आणि संध्याकाळी खोलीतल्या मित्रांची बडबड, या दोन्हींना मी इतका विटलो होतो की शिमग्याच्या रजेत एस्टीऐवजी सायकलनं घरी जायचं ठरवलं. सायकल नवी होती, वाकड्या हँडलची, पातळ टायरांची. घेतल्यापासून तिला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. खोलीतल्या एकानं नुसती घंटी वाजवून पाहिली, तर मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो.

होळी पनवेललाच झाली आणि रजा मिळाली ती त्यानंतर. पण आमच्याकडे होळी पेटली म्हणून शिमगा संपत नाही. गावची पालखी घरोघर निघते ती खरी त्याच्यानंतर, आणि पुढे कितीतरी दिवस ती वाड्यावाड्यांतून फिरत असते. त्यामुळे मला काही घाई नव्हती. रमतगमत जायचं, मनात येईल तिथे थांबायचं आणि कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, असा माझा बेत होता.

पोलादपूर सोडलं आणि कशेडी घाट चढताना ती दोघं पहिल्यांदा दिसली. पन्नाशीचा एक माणूस जुनी काळी सायकल ढकलत चालला होता आणि त्याच्याच वयाची बाई मागून कॅरिअरला हात लावून जोर देत होती. हँडलला दोन फुगलेल्या पिशव्या, कॅरिअरवर गोधडीची घडी दोरीनं आवळलेली आणि मधल्या दांडीला एक कोरी करकरीत केरसुणी. केरसुणी घेऊन घाट चढणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. मी घंटी वाजवली, त्यांना मागे टाकलं आणि उभा राहून पायडल मारत पुढे गेलो. थोडा तोरा दाखवायचा होताच.

तो तोरा भरणे नाक्याला उतरला. मागचं चाक बसलं. पंक्चरचं सामान होतं बरोबर, पण सोल्यूशनची नळी उघडली तर आत सगळं वाळून खडखडीत. दुकानातून घाईघाईत घेताना मी ती दाबूनही पाहिली नव्हती. झाडाखाली चाक सोडवून चरफडत बसलो होतो, तेवढ्यात उतारावरून ती काळी सायकल आली. बाई आता मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती आणि तिच्या हातात उघडी छत्री होती, दोघांच्या डोक्यावर धरलेली.

"काय झालं रं बाबा? हवा गेली?" बाईंनी उतरायच्या आधीच विचारलं.

माणसानं काही न विचारता पिशवीतून स्वतःची नळी काढून माझ्यापुढे धरली. मग माझं चिकटवणं त्यांना पसंत पडेना, म्हणून ट्यूबही माझ्या हातातून काढून घेतली. तोवर बाईंनी माझं गाव, घर, आई काय करते, लग्न झालं की नाही, सगळं काढून घेतलं. मांडवीचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांचं गाव हातखंब्यापासून आत, कातळाच्या सड्याखाली. "म्हंजे आपण एकाच वाटेचे," त्या म्हणाल्या. सोबत नको असलेल्या माणसाला ऐकायला याहून वाईट वाक्य नाही.

ती दोघं महाडहून येत होती. काका तिथे भाताच्या गिरणीत कामाला होते. महाड ते रत्नागिरी डबलसीट! मला वाटलं चेष्टा करतायत.

"एस्टीनं का नाही जात?" मी विचारलं.

"हिला एस्टी लागते," काका म्हणाले. "लागते म्हंजे, नुसती दिसली तरी लागते."

"पेट्रोलच्या वासानं माजा जीव जातो," काकी म्हणाल्या. "एस्टी, ट्रक, टेम्पो, काय पण. बोटीत बगा कदी काय झालं नाय. सगळ्या बायका आडव्या पडायच्या नि मी आपली चकल्या खात बसायची."

मुंबईत होती तोवर दोघं दर शिमग्याला बोटीनं गावी जायची. पुढे बोट बंद झाली. काकांनी महाडची नोकरी धरली तीसुद्धा गाव निम्म्यानं जवळ येईल म्हणून. पण निम्म्यानं जवळ आलेल्या गावालाही मधे घाट होते आणि घाटांतून एस्टीच जात होती. एकदा काकी मन घट्ट करून बसल्या, तर पोलादपूरलाच उतरवावं लागलं. सासूबाई होत्या तोवर गावचं घर उघडं तरी असायचं. त्या गेल्या आणि दाराला कुलूप लागलं.

हे सगळं मला एका दमात कळलेलं नाही. कारण चाक बसवून मी "येतो हां" म्हणून पुढे निघालो आणि परशुरामच्या उतारावर मनसोक्त सुटलो. चिपळूणला थांबून मिसळ खाल्ली, आरामात पाय ताणले, तर ही दोघं हजर. सावर्ड्याच्या अलीकडे माझं चाक पुन्हा बसलं, तर पुन्हा हजर. मी वेगानं जाऊन थांबायचो आणि ती न थांबता हळूहळू येत राहायची. शेवटी मी हात टेकले आणि त्यांच्या बरोबरीनं चालवू लागलो.

बरोबरीनं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. काकी प्रत्येक नाक्यावर उतरायच्या. पोलीस डबलसीट पकडतात असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. ज्या नाक्यावर पोलीस सोडा, कुत्रंही नव्हतं, तिथेही उतरून साळसूदपणे चालायच्या आणि शेवटचं दुकान गेलं की पुन्हा बसायच्या. त्या चालण्यात दोन ओळखी व्हायच्या. काकांना तेवढ्यात चहा हवा असायचा. छत्रीवरून दोघांचं रोज भांडण. छत्री पुढे धरली तर काकांना रस्ता दिसायचा नाही, मागे धरली तर काका म्हणायचे, "माज्या डोक्यावर ऊन नि आभाळावर सावली!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण रात्री देवळाच्या पडवीत त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे सरकवली तेव्हा माझ्या पिशवीतले बिस्किटाचे पुडे मला बाहेर काढवेनात.

त्या पडवीतच काकींनी केरसुणीचं कारण सांगितलं. त्यांच्या गावची पालखी प्रत्येक घरात जाते. घरधनी उंबऱ्यावर पाणी घालतो, पालखी आत घेतात, पाटावर बसवतात, घरची बाई देवीची ओटी भरते, मानकरी त्या घराच्या नावानं गाऱ्हाणं घालतो आणि मग पालखी पुढच्या घरी. दाराला कुलूप असलं तर पालखी थांबत नाही.

"गावची एक बाई महाडला भेटली," काकी म्हणाल्या. "ती म्हणाली, तुमच्या अंगणात पालखी येते गो. येते, कुलूप बगते, एक गिरकी घेते नि मागं फिरते. दर वर्षी. मना वाटत होतं आपलं घर बंद म्हंजे ती त्या वाटेला येतच नसंल. ती येत्ये रं बाबा! आमी नसतांव."

एवढं बोलून त्यांनी कमरेचा बटवा चाचपला. त्यात घराची किल्ली होती. ही सवय मी दिवसभर पाहत होतो. सायकलवरून उतरल्या की आधी पदर, मग बटवा. ओटीचं सामानही महाडहून घेतलं होतं, खण, नारळ, बांगड्या. कोकणात महाडहून नारळ घेऊन निघालेली माणसं! मी हसलो, तर त्या म्हणाल्या, "वाटेत नाय मिळाला तर?"

पालखी त्यांच्या वाडीत कधी येणार याचा हिशेब काकांकडे होता. गावाला दोन वाड्या, वरची आणि खालची. एक वर्ष पालखी वरच्या वाडीपासून घरं घ्यायला सुरुवात करते, तर दुसऱ्या वर्षी खालच्या. कुठल्याच वाडीला कमीपणा नको म्हणून ही रीत. यांचं घर खालच्या वाडीत. सासूबाई गेल्या त्या वर्षी खालून सुरुवात होती, तिथून एकाआड एक धरत यंदा वरून येते. म्हणजे वरची वाडी आटपून खालच्या वाडीला यायला तिला दोन दिवस लागणार. तोवर आपण आदल्या दिवशी पोचू, घर झाडू, अंगण सारवू, असा बेत होता.

आरवलीच्या गरम पाण्याच्या कुंडाशी पाय सोडून बसलो होतो तेव्हा काकींनी पुन्हा छेडलं. "नक्की ना वो? वरनंच ना?"

"किती येळा सांगू? वरनं म्हंजे वरनं." काकांनी बोटं मोजून दाखवली. "मी काय गाव इसरलो काय?"

त्या पाण्यात माझ्या पायांचा शीण असा काही उतरला की तिथून पुढे मी कुरकुरलो नाही. मांडवीला आई वाट बघत असणार हे खरं होतं, पण काळ्या सायकलच्या मागून जायला आता मला बरं वाटत होतं. निवळीच्या घाटात तर माझी सायकल एका हातानं ढकलत दुसऱ्या हातानं मी त्यांचं कॅरिअर रेटत होतो. काकी सुनेसारख्या नटूनथटून घरी जायची स्वप्नं बोलून दाखवत होत्या. घरात कुठला पाट कुठे आहे, समई कुठल्या कोनाड्यात, सगळं.

हातखंब्याला पोचलो तेव्हा सकाळ सरत आली होती. नाक्यावर नेहमीची वर्दळ होती, मुंबईच्या आणि गोव्याच्या गाड्या, चहाची दुकानं, काजू विकणाऱ्या बाया. काकी रीतीप्रमाणे उतरून चालत होत्या. तेवढ्यात एस्टीची वाट बघत बॅगेवर बसलेला एक माणूस ताडकन उठला.

"अरे, तुमी हितं काय करतांव? आज पालखी आपल्या वाडीत ना!"

काका हसले. "उद्या. यंदा वरनं हाय."

"कोण म्हणतो? खालनं हाय! सकाळीच निघाली. आमच्या घरची ओटी भरून झाली नि मी निघालो. तुमच्या घराकडं जेवणाच्या येळेपावतर येल."

काकांनी बोटं वर केली, पुन्हा मोजली. एकाआड एक, हिशेब बरोबर होता. मग त्या माणसानंच सांगितलं. मधे एका वर्षी ऐन शिमग्यात मानकऱ्यांच्या घरात माणूस गेला. सुतक आलं, म्हणून पालखी घरोघर निघालीच नाही. ते वर्ष गावानं मोजलं नाही. ज्या वाडीची पाळी होती तिला ती पुढच्या साली दिली. गावात राहणाऱ्या पोराटोरांनाही हे ठाऊक होतं. त्या घरातला माणूस वारल्याचं काकांनी महाडला ऐकलं होतं, हळहळलेही होते. पण त्यानं आपल्या दाराचा दिवस बदलला, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

काकींनी बटवा चाचपला.

गाव अजून बरंच आत होतं, तांबड्या कच्च्या रस्त्यानं. तिकडे जाणारी गाडी संध्याकाळी. आणि असती तरी काकींना तिचा उपयोग नव्हता. काकांचे पाय महाडपासून दोन माणसांचं ओझं ओढत आले होते, ते काही आता उडणार नव्हते.

मी माझी सायकल काकांच्या हातात दिली. "तुम्ही पुढे व्हा. ही पळते. पालखी थांबवून धरा. काकींना मी आणतो."

आपण काय बोललो हे माझं मलाच क्षणभर कळलं नाही. काका त्या वाकड्या हँडलवर ओणवे झाले, दोनदा डगमगले, आणि मग मागे कुणी बसलेलं नाही हे पायांना कळल्यावर जे सुटले ते वळणाआड दिसेनासे झाले. मी काळी सायकल घेतली. काकी मागे बसल्या, केरसुणी हातात घेऊन. छत्री त्यांनी मिटली होती.

ती सायकल म्हणजे लोखंडाचा गाडा होता. पहिल्या चढालाच माझ्या मांड्या भरून आल्या. काका हे महाडपासून कसं करत आले असतील, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा सुचला. सडा लागला, दोन्ही बाजूंना वाळकं गवत आणि तापलेला कातळ, सावलीचं नाव नाही. मध्येच काकींनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"अरं बाबा! किल्ली!"

"काय झालं? पडली?"

"पडंल कशाला? माज्याकडंच हाय! ते तितं जाऊन काय करणार, कपाळ?"

एवढी हुशारी करून मी ज्यांना पुढे पिटाळलं होतं त्यांच्याजवळ दार उघडायला काहीच नव्हतं. थांबून उपयोग नव्हता. मी दात आवळून पायडल मारत राहिलो आणि काकी मागून एकसारखं म्हणत होत्या, "हळू रं, पडशील," आणि लगेच, "जरा जोरात रं."

सड्याची कड आली आणि खालून ढोल ऐकू आले. माडांत आणि आंब्यांत बुडालेली वाडी दिसत होती, पालखी काही दिसत नव्हती. काकींनी मला थांबायला लावलं. कान देऊन ऐकलं.

"नाचवतायत," त्या म्हणाल्या. "चालताना असा वाजत नाय. कुणाच्या तरी अंगणात नाचवतायत. हा थांबला की समज, पुढं गेली."

तिथून खालचा उतार दगडगोट्यांचा होता. ब्रेक नावालाच होते. मी चपलेनं चाक दाबत उतरत होतो, आणि आमचं दोघांचं सगळं लक्ष त्या ढोलाकडे. तो थांबेल असं प्रत्येक वळणाला वाटायचं. तो थांबत नव्हता. एका घरासाठी एवढा वेळ पालखी कुणी नाचवत नाही, हे परगावच्या मलाही कळत होतं. कुणाचा एवढा मोठा मान आहे, असं मी विचारलंसुद्धा.

शेवटच्या दगडी गडग्याशी सायकल टाकली आणि धावलो. अंगण त्यांचंच होतं. छोटं कौलारू घर, दाराला गंजलेलं कुलूप, आणि त्या बंद दारासमोर पालखी नाचत होती. खांदेकऱ्यांचे सदरे घामानं अंगाला चिकटले होते. एक दमला की दुसरा खाली शिरून खांदा द्यायचा. ढोलवाल्याचा चेहरा लालबुंद झाला होता. काका पायरीजवळ उभे होते, हात जोडून. माझी सायकल त्यांनी नीट आंब्याला टेकवून ठेवली होती.

काकींना पाहून कुणीतरी ओरडलं, "आल्या! वैनी आल्या!" ढोलानं एकदम चाल बदलली.

काकींची किल्ली गंजलेल्या भोकात जाईना. मी पुढे झालो, तर त्यांनी कोपरानं मला बाजूला सारलं. कुलूप कुरकुरलं आणि निघालं. दार उघडलं तशी आत सगळीकडे धूळ. कोळ्यांची जाळी, कौलांतून पडलेला कचरा, उंदरांनी कुरतडलेलं काहीबाही. काकी उंबऱ्यात थबकल्या. मग केरसुणी घेऊन आत झेपावल्या, तोच म्हातारे मानकरी म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो. तिला वाट मोकळी कर, बास झालं." शेजारणीनं तांब्या आणला, काकांनी उंबऱ्यावर पाणी घातलं. पाट मात्र काकी म्हणाल्या त्याच जागी निघाला. पालखी त्या धुळीत टेकली. महाडचा नारळ, महाडचा खण. काकींनी ओटी भरली आणि डोकं टेकवलं ते बराच वेळ उचललं नाही. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, हे दार आज उघडलंय ते असंच उघडं ठेव, आणि सगळ्यांबरोबर मीही "व्हय महाराजा" म्हणालो. मला रडू येत होतं. मी कोण, कुठला, पण येत होतं.

पालखी पुढच्या घराकडे वळली तेव्हा काकी पायरीवर येऊन बसल्या. पायाशी जांभ्याच्या चिऱ्याचा एक मोठा तुकडा पडला होता.

"हा इतं कुणी आणून ठेवला?" त्यांनी विचारलं.

एक खांदेकरी मागे रेंगाळला होता, खांदा चोळत. तो म्हणाला, "आमीच. म्हटलं किल्ली नाय तर कुलूप फोडा, दोन घाव घातले की झालं. काका ऐकेनात. म्हणाले, ती येत्ये, तवर नाचवा."

काकी ताडकन नवऱ्याकडे वळल्या. "फोडायचं ना मग! पालखी मागं फिरली असती म्हंजे? कुलूप काय सोन्याचं होतं?"

काका माझ्या सायकलच्या हँडलवरची धूळ सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "महाडपासनं मागं बसून आलीस," ते म्हणाले, "ती काय फोडलेलं कुलूप बगायला?"

काकी उठल्या, आत गेल्या, आणि किल्ली बटव्यात न ठेवता दाराच्या आतल्या खुंटीला अडकवली.